शंभरावी बारी

"बाबा, एकदा लोकांच्या हाती दिलेल्या खेळातली चूक जन्मभर मीच निस्तरायची का?"

इचारनारा पुन्याचा इंजिनेर, विराज धोंगडे. मोबाईलमधला बैलगाडा शर्यतीचा खेळ त्यानंच बनवलेला. लतीफशाबाबा तकियात, फकिराच्या मठीत, चिंचंखाली बसले व्हते. मी चा वतत व्हते.

"कोनती चूक?" बाबा म्हनले.

"शंभराव्या बारीत, म्हणजे शेवटच्या धावेत, बैल जिंकायच्या निशाणाजवळ थांबतात. पुढे जातच नाहीत. लोक शिव्या घालतात. पण तो खेळ आता जुना झाला. मी नवा करतोय. आशीर्वाद द्या, जुन्यातून मोकळं करा."

"शिव्या घालनारी एक हितंच हाय," म्या म्हनलं. नव्व्यान्नव बाऱ्या जिकून मोबाईलमदलं माझं बैल आखाड म्हैन्यापासनं निशानापाशी हुभं. घाटाचा, म्हंजी शर्यतीच्या रानाचा, राजा व्हायला हातभर कमी!

"आजी, करमणुकीचा खेळ तो. कुणाचं काय अडतं?"

"माझं बैल अडत्यात."

बाबांनी इचारलं, "तू पोचलास का शंभराव्या बारीला?"

"मी बनवलाय, बाबा. खेळायला वेळ कुणाला?"

...

बाबांनी त्याच्या लॅपटॉपची पिशवी वढली, उशाला घेतली आन् आडवं झालं.

"खेळ."

तीन दिस खेळला. पयल्या दिशी चौथ्या बारीतच हरला. म्या मुद्दाम सांगितलं, "गाडा उजवीकडनं घाल." घातला. गाडा चरात! मी पदर तोंडात कोंबून हसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याची शंभरावी बारी. पुढं वाट दावनारी घोडी, मागं बैल, धुरळाच धुरळा. निशान हातभर ऱ्हायलं...

थांबलं.

"चल ना! अरे, जिंकलोय मी!" त्यानं मोबाईल गदागदा हालवला.

"करमनुकीचा खेळ त्यो," म्या म्हनलं. "कुनाचं काय अडतं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग मोबाईलकडं. मग हळूच म्हनला, "शंभराव्या बारीत घोडी निशाणाशी थांबते... आणि बैलांनी घोडीच्या पुढे जायचं नाही, असं मीच लिहून ठेवलंय."

"खऱ्या घाटात घोडी थांबती व्हय रं? थांबली तर बैल तुडवत्यात तिला! घाट कधी बघितलास का न्हाई?"

"व्हिडिओत बघितला."

बाबांनी डोळं न उघडता डोकं उचललं आन् पिशवी त्याच्याकडं सारली.

त्यो बसला. टकटक टकटक. चा दोनदा गार झाला. ऊन चिंचंच्या बुंध्याला आलं तवा उठला.

स्वताचा मोबाईल तसाच पडलेला. म्हनला, "आजी, तुमचा आणा."

त्यानं माझ्या मोबाईलमदी दुरुस्त केलेला त्योच खेळ भरला. म्या बोट लावलं. घोडी पळाली. बैल हाललं... आखाडापासनं हुभं ऱ्हायलेलं माझं बैल हाललं! निशान पडलं!

"भिर्रर्रर्र!"

अशी आरोळी, की चिंचंवरचं समदं कावळं उडालं. किटली लवंडली. मी पदर खोचून नाचले, घाटाचा राजा म्हंजी काय साधी गोष्ट हाय?

मग वरडून घसा बसलेला इंजिनेर दमून खाली बसला. आठवन आली त्याला.

"बाबा, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. चूक दुरुस्त करणं माझ्यावर बंधनकारक होतं का?"

बाबा उठून बसलं. कानात बोट घालून खाजवलं.

"बैल हिचं. मोबाईल हिचा. जिकली ही... मंग मघाशी वरडलं कोन?"