लिंबाजीचं शिकाऊ लायसन

एका गावात डेअरीच्या टेंपोवर दुधाचे कॅन चढवणारा एक भोळा माणूस होता. त्याचं नाव लिंबाजी. भोळा म्हणजे किती, तर कुणी ‘जरा थांब’ म्हटलं की तो थांबायचा. ‘आता चल’ म्हणायला तो माणूस विसरला, तर संध्याकाळी बायकोला त्याला शोधून आणावं लागायचं.

कॅन चढवून चढवून लिंबाजीची कंबर गेली होती. अशात टेंपोचा ड्रायव्हर मुलाकडे शहरात राहायला गेला. डेअरीचे चेअरमन उत्तमराव लिंबाजीला म्हणाले, “टेंपो तुला चालवता येतो. मळ्यातनं म्हशींच्या मधनं काढतोस, कधी शेपटीला लागला नाही. पण सडकेवर कागद लागतो. सोमवारी शिकाऊ लायसनची परीक्षा दे. पास झालास तर मी शेजारी बसतो आणि टेंपो तुझा. नाहीतर तालुक्याचा माणूस बघतो.”

लिंबाजीनं घरी येऊन बायकोला, हौसाला, हे सांगितलं.

“पास व्हा,” हौसा म्हणाली. “रोज कंबरेला तेल लावून माझी बोटं बुळबुळीत झालीत. भाकरी थापायला घेतली की निसटते.”

तालुक्याला मुलाणी सरांचा मोटार ड्रायव्हिंगचा क्लास होता. लिंबाजी रोज सकाळी कॅन चढवून झाले की एसटीनं तिथं जायचा.

“सर, दिवसाला एकच नियम सांगा,” तो म्हणाला. “दोन सांगितले की आत गेल्यावर भांडतात.”

सर म्हणाले, “ठीक. आजचा नियम. वळायच्या आधी इशारा द्यायचा. उजवीकडे वळायचं तर उजवा हात लांब करायचा. मागच्याला कळलं पाहिजे.”

“कळलं,” लिंबाजी म्हणाला.

त्या दिवशी हौसाच्या भाचीचं बारसं होतं. पंगत बसली आणि लिंबाजीकडे आमटी आली. डाव्या हातात बादली, उजव्या हातात पळी. वाढत वाढत तो ओळीच्या टोकाला आला. तिथं त्याला उजवीकडे वळायचं होतं. त्यानं उजवा हात सरळ लांब केला. हातात पळी होती. पळीत आमटी होती. पळीखाली हौसाचे मामा होते.

“अरे, हे काय?” मामा म्हणाले.

“वळतोय, मामा,” लिंबाजी म्हणाला आणि वळला.

पुढच्या ओळीच्या टोकालाही तो वळला. तिथं मामांचे व्याही होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळं ऐकून घेतलं. “लिंबाजी, माणसांच्या गर्दीत कुणी हात बाहेर काढतं का? गर्दी दिसली की वेग कमी करायचा आणि हॉर्न द्यायचा.”

“हॉर्न नसला तर?”

“तर तोंडानं वाजव,” सर चिडून म्हणाले.

“कळलं,” लिंबाजी म्हणाला.

परत येताना तो नदीवरून आला. नदीकाठी सखाराम आज्जांचं दहावं चाललं होतं. पिंड मांडून दोन तास झाले होते आणि कावळा शिवत नव्हता. आज्जांच्या मुलानं हात जोडून नातवाच्या लग्नाचा शब्द दिला. कावळा हलला नाही. धाकट्यानं बांधाचं भांडण मिटवायचं कबूल केलं. कावळा हलला नाही. शेवटी आज्जी पुढे झाल्या आणि म्हणाल्या, “तुमचा तंबाखूचा बटवा मी कुणाला देणार नाही.” तसा कावळा झाडावरून उतरला. एक उडी मारली. दुसरी मारली. माणसांनी श्वास रोखून धरला.

लिंबाजीला गर्दी दिसली. त्यानं वेग कमी केला.

“पों पों,” तो म्हणाला.

कावळा नदी ओलांडून पलीकडच्या गावात गेला. आज्जांच्या दोन्ही मुलांनी लिंबाजीला ओढ्यापर्यंत पळवलं. पळताना लिंबाजीनं वेग कमी केला नाही, कारण ओढ्याकडे गर्दी नव्हती.

तिसऱ्या दिवशी सर कपाळाला हात लावून बसले. “अरे बाबा, काही ठिकाणी हॉर्न द्यायचाच नसतो. त्याला शांतता क्षेत्र म्हणतात. दवाखाना, शाळा. जिथं शांतता असेल तिथं आवाज काढायचा नाही.”

“अजिबात?”

“अजिबात.”

“कळलं,” लिंबाजी म्हणाला.

त्या दुपारी चेअरमन उत्तमराव डेअरीच्या ओट्यावर खाटेवर झोपले होते. संध्याकाळी सभा होती, म्हणून फेटा बांधून उशाशी ठेवला होता. गुलाबी फेटा, चांगला हातभर तुरा काढलेला. लिंबाजी आला तेव्हा एक शेळी तुऱ्यापर्यंत पोचली होती.

लिंबाजीनं कान देऊन ऐकलं. सगळीकडे शांतता होती. म्हणून तो पायरीवर बसला आणि त्यानं तोंड मिटून घेतलं. शेळीनं तुरा खाल्ला. मग तिनं फेटा उलगडून खायला सुरुवात केली. एकदा तिला ठसका लागला तेव्हा लिंबाजीनं ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं.

उत्तमराव उठले तेव्हा शेळीच्या तोंडातून वीतभर गुलाबी कापड लोंबत होतं.

“तुला दिसलं नाही?” त्यांनी विचारलं.

“पहिल्यापासून दिसलं.”

“मग बोलला का नाहीस?”

लिंबाजी अजूनही कुजबुजतच होता. “साहेब, शांतता क्षेत्र.”

उत्तमरावांनी ते कापड ओढून बघितलं, शेळीनं सोडलं नाही. मग म्हणाले, “सोमवारी पास झालास तर झालास. नापास झालास तर मंगळवारपासून कॅन चढवायलासुद्धा येऊ नकोस. आणि त्या शेळीलाही आणू नकोस.”

आता मात्र लिंबाजी घाबरला. टेंपो तर जाणारच, हातातले कॅनही जाणार. रात्री हौसानं त्याच्या कंबरेला न सांगता तेल लावलं, तेव्हा तो जास्तच घाबरला.

शेवटच्या दिवशी मुलाणी सरांनी त्याला समोर बसवलं. “हे बघ, लिंबाजी. धोका दिसला आणि माणूस पुतळ्यासारखा बसून राहिला तर नियम काय कामाचा? नुसतं डोक्यात ठेवून उपयोग नाही. नियम कळला की हातपाय हलले पाहिजेत. लगेच.”

“कळलं,” लिंबाजी म्हणाला.

सोमवारी तो परीक्षेला गेला. एका खोलीत ओळीनं कॉम्प्युटर मांडले होते. पंधरा प्रश्न, त्यातले नऊ बरोबर यायला हवेत. लिंबाजी खुर्चीवर बसला. स्क्रीनवर पहिला प्रश्न आला. ‘तुमच्या मागून रुग्णवाहिका येत आहे. तुम्ही काय कराल?’

लिंबाजी लगेच उठला. खुर्ची उचलून डाव्या भिंतीला लावली आणि रुग्णवाहिका जायची वाट बघत उभा राहिला. ती आली नाही. वेळ संपली, प्रश्न गेला.

दुसरा प्रश्न. ‘पादचारी रस्ता ओलांडत आहेत. तुम्ही काय कराल?’ लिंबाजी थांबला. चहा घेऊन शिपाई खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. लिंबाजीनं त्याला नीट जाऊ दिलं. तिसऱ्या प्रश्नात पूल अरुंद होता. लिंबाजीनं कोपर अंगाशी घेतले. चौथ्यात रेल्वेचं फाटक आलं, तेव्हा तो टेबलाखाली वाकून गाडीची चाहूल घेत होता.

असे सहा प्रश्न गेले. मग देखरेखीवरच्या बाई आल्या.

“अहो, तुम्ही काय करताय?”

“सगळंच करतोय, मॅडम. कॉम्प्युटर सांगेल ते.”

“इथं काही करायचं नाही,” बाई म्हणाल्या. “प्रश्न विचारला की हातपाय हलवायचे नाहीत. बरोबर उत्तर कुठंय ते बघायचं आणि त्यावर बोट ठेवायचं. तेही दाबायचं नाही, मागच्यानं दाबून एक स्क्रीन फोडलाय. हलकेच, नुसतं बोट ठेवायचं. तुमचे नऊच उरलेत. एकही चुकवू नका.”

लिंबाजीला इतकं सोपं कुणी कधी सांगितलं नव्हतं. नियम तर त्याला पाठ होते. त्यानं बोट ठेवलं. बरोबर. पुन्हा हलकेच ठेवलं. बरोबर. नऊच्या नऊ बरोबर आले आणि लिंबाजी पास झाला.

मंगळवारी सकाळी डेअरीसमोर सारा गाव जमला. टेंपोला झेंडूचा हार घातला, पुढे-मागे ‘एल’ चिकटवला. हौसानं नारळ फोडला. मामा आले होते, पण जरा लांब उभे होते. मागे चाळीस कॅन भरले. उत्तमराव लिंबाजीच्या शेजारी बसले.

लिंबाजीनं टेंपो काढला तो लोण्यातून काढल्यासारखा. मारुतीच्या देवळाला सुरेख वळण घेतलं. “वा,” उत्तमराव म्हणाले. फेट्याचं दुःख ते जवळजवळ विसरले.

पुढे उतार होता. उताराच्या टोकाला उत्तमरावांचाच गोठा होता आणि गोठ्याला लागून गोबरगॅसचा मोठा खड्डा होता. रस्त्याच्या मधोमध त्यांची म्हैस उभी होती. मळ्यात अशा शंभर म्हशी लिंबाजीनं चुकवल्या होत्या. पण उत्तमरावांना वाटलं, नवा ड्रायव्हर आहे, जरा विचारून बघावं.

“लिंबाजी,” ते म्हणाले, “पुढं म्हैस उभी आहे. आता तू काय करशील?”

लिंबाजीनं प्रश्न नीट ऐकला. त्यानं हातपाय हलवायचे थांबवले. बरोबर उत्तर कुठे आहे ते बघितलं. ते खाली होतं, पायापाशी. मग तो वाकला, स्टिअरिंगच्या खाली शिरला आणि त्यानं ब्रेकवर बोट ठेवलं. हलकेच. दाबलं नाही.

म्हैस शहाणी होती, ती बाजूला झाली.

टेंपो गोबरगॅसच्या खड्ड्यात गेला. चाळीसही कॅन आले. उत्तमराव गळ्यापर्यंत शेणात होते आणि वरून त्यांच्यावर दूध पडत होतं. सारा गाव उतारावरून धावत आला आणि काठाशी थांबला.

टेंपोच्या तळाशी लिंबाजी अजून वाकलेलाच होता. ब्रेकवरचं बोट त्यानं काढलं नव्हतं.

“हा बरोबर आला, साहेब,” तो आतून म्हणाला. “पुढचा विचारा.”