रेडिओवर सांगितलेला इतिहास

“तो आवाज तुला आठवतो?”

“कुठला आवाज, मास्तर?” आदिनाथनं विचारलं.

मला आठवत होता. फार जुनी गोष्ट. एका गावच्या उरुसात स्टेज बांधलेलं. आदिनाथ चौगुलेच्या गिटारनं मधेच कर्ण्यातून लांब शिट्टी धरली. कानात सुई घालावी तशी. लोकांनी कान दाबले, माईकवाला धावला. तो पोचायच्या आत भैरू रेणकेनं वाकड्या टोकाची काठी संबळाच्या कातड्यावर घासली. खालून एक घुमारा उठला... आणि वरची शिट्टी त्यात शिरून निवांत झाली, संध्याकाळी जनावर गोठ्यात शिरावं तशी. लोकांनी कानांवरचे हात काढले.

या पोरांच्या बँडचा टेम्पो मी चालवायचो. स्टेजमागं उभा होतो. तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

पण प्रश्न आदिनाथला होता. “उरुसातला,” मास्तर म्हणाले.

“ती शिट्टी होय,” आदिनाथ म्हणाला. “आठवते की. रेडिओवर तेच तर सांगितलं मी. मास्तर, तुम्ही विषय बदलू नका. उद्या सांगलीत कार्यक्रम आहे आणि भैरू येत नाही म्हणतोय. कायमचाच येत नाही म्हणतोय. बँड मोडायला लागलाय, मास्तर. एका शब्दावरून!”

याकूबमास्तर कुरुंदवाडच्या घाटावर पायरीवर बसले होते. आयुष्यभर त्यांनी वरातीत क्लॅरिनेट वाजवलं. आदिनाथ आणि भैरू, दोघंही त्यांच्याच हाताखाली तयार झाले. आता मास्तरांचे दात गेले, फुंक टिकत नाही. तरी क्लॅरिनेटचा डबा घेतल्याशिवाय ते घराबाहेर पडत नाहीत.

“कुठला शब्द?”

“साथ! रेडिओवाल्या बाईंनी बँडचा इतिहास विचारला. मी म्हटलं, बँड मी काढला, भैरूनं साथ दिली. ह्यानं ते चहाच्या गाड्यावर ऐकलं आणि संबळ खुंटीला टांगला. ह्यात शिवी कुठं आहे, तुम्हीच सांगा.”

मास्तरांनी क्लॅरिनेटचा डबा पुढ्यात ओढला.

आदिनाथचे कान लाल झाले होते. लहानपणी रागावला की असेच व्हायचे.

“इतकी वर्षं मी लोकांना उत्तरं देत फिरतोय. गोंधळी म्हणतात, देवीचं वाद्य बाटवलं. कॉलेजची पोरं म्हणतात, हा कसला रॉक, ह्यात तर जागरण ऐकू येतंय. लग्नवाले म्हणतात, ह्यावर नाचायचं कसं? जो भेटेल तो विचारतो, तुमचा प्रकार तरी कुठला?”

“पेपरात फ्यूजन आलं होतं की,” मी म्हणालो.

“आलं होतं ना! आणि भैरू त्या पत्रकाराला काय म्हणाला, माहिताय? ‘साहेब, फ्यूज उडतोय एवढं खरं.’ नावाचीही तीच तऱ्हा. पहिल्या कार्यक्रमाला निवेदकानं बँडचं नाव विचारलं. भैरू म्हणाला, ‘ठरायचंय.’ त्या शहाण्यानं तसंच पुकारलं, ‘सादर करीत आहेत... ठरायचंय!’ आज पोस्टरवर तेच आहे. लोकांना त्यात तत्त्वज्ञान दिसतं, मास्तर. मी डोकं धरून बसतो.”

मास्तर हसले. दात नसल्यानं हसू तोंडभर पसरलं.

“हसा तुम्ही. पण त्याला एक निरोप तेवढा द्या. तुमचं ऐकेल तो.”

“देतो की. पण आधी मला कळू दे. रेडिओ मी ऐकला नाही. सांग बघू तुझा इतिहास. तिथं सांगितलास तस्साच.”

“आत्ता?”

“मग काय, बँड मोडल्यावर?”

आदिनाथनं सुस्कारा सोडला. मग माईकसमोर बसावं तसा ताठ बसला.

“आमच्या गावात तेव्हा लग्नाचेच बँड होते. मी कोल्हापुरातून जुनी गिटार आणली. घरचे म्हणाले, पोरगं हातचं गेलं...”

मास्तरांची बोटं डब्यावर पडायला लागली. हलकेच. आदिनाथचं लक्ष नव्हतं, पण त्याच्या बोलण्याला चाल आली. वाक्यामागून वाक्य येऊ लागलं. साखर कारखान्याच्या शेडमधली पहिली तालीम. चरकाचा खडखडाट, तो गाण्यात कसा घेतला. मग सनई आली. मग नुसता पाण्याचा आवाज आणि गिटार असलेली ती रेकॉर्ड, जी पाहुण्यांनीसुद्धा फुकट घेतली नाही.

मी हे सगळं पाहिलं होतं. तरी ऐकत राहिलो. गोड बोलतो पोरगा.

“...आणि त्या उरुसात मी ठरवून एक प्रयोग केला. गिटारची शिट्टी मुद्दाम वाढू दिली...”

बोटं थांबली.

“वाढू दिली, आणि मग... म्हणजे भैरूनं त्यावर... काय ते...”

तो अडखळला. घसा खाकरला.

“सिदूमामा, पाणी आहे का?”

मी बाटली दिली. तो पाणी प्याला. डब्यावर बोटं पुन्हा सुरू झाली, आणि गाडी पुन्हा रस्त्याला लागली. पुण्याचा कार्यक्रम, तिथं लोक उठून गेले. मुंबईचा, तिथं लोक उठून उभे राहिले. सांगता सांगता आदिनाथची मान डोलायला लागली. पायाचा अंगठाही हलत होता.

“असा हा बँड मी उभा केला. एकट्यानं. साथीला भैरू होताच...”

बोटं थांबली.

या वेळी त्याला पुढचं काहीच सुचेना. तोंड उघडं, हात हवेत. खाली कुणी बाई धुणं आपटत होती, तेवढंच ऐकू येत होतं...

“काय वैताग आहे!” तो ओरडला. “मास्तर, बोटं मधेच थांबवू नका ना! माझं बोलणं तुटतंय.”

मास्तरांनी हात डब्यावरून उचलला आणि मांडीवर ठेवला.

“अरे, इतिहास तुझा. माझ्या बोटांचं काय काम त्यात?”

आदिनाथ त्या हाताकडं बघत राहिला...

मग उठला. निरोपाचं विचारायलाही थांबला नाही. चपला हातातच घेतल्या आणि पायऱ्या चढून भैरूच्या घराकडं निघाला.