उंबरापासचा उतार

एकदा एक मोटारसायकल माहेरी निघाली होती, तिची ही गोष्ट.

घाटाच्या पायथ्याशी एक वृद्ध कारागीर राहत असत. जुन्या विलायती गाड्या पुन्हा चालत्या करणे हेच त्यांचे व्रत. नॉर्टन, ट्रायम्फ, एरियल, मॅचलेस अशा मोठमोठ्या घराण्यांतल्या गाड्या. कुणी गोठ्यात कडब्याखाली सापडलेली, तर कुणी भंगारवाल्याच्या काट्यावरून उतरवून आणलेली. अशी गाडी दारात आली की ते आधी हातपाय धुवत, मगच तिला स्पर्श करत. सारे त्यांना वस्ताद म्हणत. त्यांच्याकडे एक शिष्य होता. कष्टाळू, हाताला कसब असलेला. पण पाहणाऱ्याने ‘वा!’ म्हटले नाही तर त्याला जेवण गोड लागत नसे.

वस्तादांचा एक नेम शिष्याला मुळीच पटत नसे. गाडीचा झिजलेला भाग काढून नवा बसवला, तरी जुना लगेच टाकायचा नाही. एका डब्यात जपून ठेवायचा. गाडी तिच्या माणसांच्या दाराशी जाऊन उभी राहिली, की मगच तो डबा मोडीत द्यायचा.

“वस्ताद, ह्या गंजक्या लोखंडाचं काय लोणचं घालायचंय?” शिष्य कुरकुरे.

“पाहुणा सुखरूप पोचला असा निरोप येईपर्यंत आपण दाराला कडी घालतो का रे?” एवढेच म्हणून वस्ताद पुन्हा कामाला लागत.

एके दिवशी हळदीचा एक व्यापारी टेम्पोतून बीएसए गाडीचा सांगाडा घेऊन आला. टाकीची गंजून जाळी झाली होती आणि चाकाच्या तारांमधून कसलासा वेल वाढला होता. व्यापारी म्हणजे मोठी असामी. पण सांगताना त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला.

“ही माझ्या वडिलांची. डॉक्टर होते. घाटापलीकडच्या वाड्यावस्त्यांवर हिच्यावरूनच औषधं घेऊन जायचे. ते गेल्यावर गाडी विकावी लागली. घेणाऱ्यालाही ती झेपली नाही, त्याच्या पडवीत तशीच पडून राहिली.” मग त्याने सांगाड्यावर हात ठेवला. “गाडी दारातून गेली, त्या दिवशी आईनं देवापुढं बसून गूळ सोडला. बाबा आले की त्यांच्या हातात आधी गूळपाणी द्यायची ना ती! म्हणाली, ‘ही गाडी पुन्हा ह्या दाराशी येईल, तेव्हाच मी गूळ तोंडात घालीन.’ आता तिला दिसत नाही, खूप थकलीय. हा नेम अपुरा ठेवून ती गेली, तर मी काय तोंड दाखवू?”

वस्तादांनी सांगाड्याला नमस्कार केला आणि काम शिष्याच्या हाती सोपवले.

शिष्याने स्वतःला विसरून ते काम केले. चैत्र गेला, श्रावण गेला. टाकीला पुन्हा तकाकी आली, तारा ताणल्या गेल्या, हँडलवरच्या झिजलेल्या दांड्या जाऊन नव्या चकचकीत दांड्या आल्या. ज्या दिवशी इंजिनाने पहिला हुंकार दिला, त्या दिवशी शिष्याच्या अंगावर रोमांच उभे राहिले. इतकी वर्षे निपचित पडलेले लोखंड छातीवर हात ठेवल्यावर काळीज लागावे तसे धडधडत होते! तो कितीतरी वेळ नुसता ऐकत उभा राहिला. इंजिनाच्या फटीतून तेलाचा एक थेंब खाली पडला, तेव्हा वस्ताद हसून म्हणाले, “विलायती बाई आहे. बसल्या जागी ठिपक्यांची रांगोळी काढल्याशिवाय राहायची नाही.”

शुभ दिवस पाहून, सकाळच्या प्रहरी, शिष्य स्वतः ती चालवत व्यापाऱ्याच्या घरी गेला. गाडीचा घनगंभीर नाद उतारावरून थेट फाटकापर्यंत घुमला. शेजारीपाजारी गोळा झाले. वृद्ध माउली काठी टेकत ओसरीवर आली.

“आई, आली बघ!” व्यापारी म्हणाला.

तिने मान कलती करून ऐकले. टाकीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, “गाडी छान आहे हो. पण दिगू, ही ती नव्हे.”

“अगं, इंजिनाचा नंबर जुळलाय!”

“मग देवाला नंबर सांगू होय? देव काय आरटीओत बसतो?”

सगळे हसले. शिष्य मात्र हसू शकला नाही. “आजी, काय कमी पडलं, तेवढं सांगा. मी करून देतो.”

“सांगता येईना बाळा. ते आले की कसं शांत शांत व्हायचं. तसं झालं नाही. तुझा दोष नाही त्यात.” तिने आपल्या हाताने त्याला गूळपाणी दिले. गुळाचा एक कण तिच्या बोटाला चिकटला होता. तो तिने पदराला पुसून टाकला.

तो पुसलेला कण शिष्याच्या काळजात रुतला. गाडी घेऊन तो वस्तादांपुढे येऊन बसला. मागोमाग व्यापारीही आला.

“शांत म्हणे!” शिष्य कळवळून म्हणाला. “ह्या इंजिनाच्या आवाजानं झोपलेला कुंभकर्ण उठेल, आणि आजींना शांत हवं. डॉक्टरांची आठवण येत असेल, बाकी काय! की सायलेन्सर बदलून बघू?”

“डबा आण,” वस्ताद म्हणाले.

जुन्या भागांच्या त्या डब्यात त्यांनी बराच वेळ शोधले. शेवटी एक छोटी दांडी हाती घेतली. डाव्या मुठीजवळ असते ती. दाबली की इंजिनाचा कोंडलेला श्वास सुटतो आणि ते बंद पडते. वस्तादांनी तिच्यावरून बोट फिरवले, डोळे मिटले, मग व्यापाऱ्याला विचारले, “डॉक्टर कोणत्या वेळी परतत?”

“दिवेलागणीला. मी तेव्हा मैदानावर असायचो. माझ्या आठवणीत गाडी म्हणजे नुसती धडधड. सुट्टीच्या दिवशी टाकीवर बसवून फिरवायचे ना मला.”

“आणि आई त्या वेळी?”

“तुळशीपाशी. स्तोत्र म्हणत.”

वस्तादांनी दुसरे काही विचारले नाही. शिष्याने बसवलेली चकचकीत दांडी त्यांनी काढली आणि ती झिजलेली दांडी पुन्हा जागेवर बसवली. “उद्या संध्याकाळी गाडी मी चालवीन. तू मागं बस.”

दुसऱ्या दिवशी सूर्य डोंगराआड गेला तेव्हा ते निघाले. काय तो नाद! डोंगराने ओ द्यावी आणि गाडीने पुन्हा साद घालावी! आता हा घोष पुन्हा त्या दारी घुमणार आणि माउली ओळखणार, अशी आशा शिष्याच्या मनात उसळत होती. वळणावरचा उंबर आला. तिथून खाली व्यापाऱ्याच्या फाटकापर्यंत सरळ उतार. आणि त्या उंबरापाशी वस्तादांनी मूठ न सोडता एका बोटाने ती दांडी दाबली. इंजिन बंद पडले.

“वस्ताद! बंद पडली! थांबा, मी उतरून किक मारतो...”

“गप बस.”

“अहो, पण आजी आवाजाची वाट बघत असतील...”

“तोंड मिट, लेका. कान उघड.”

गाडी आपल्या भाराने उतरू लागली. टायरखाली खडी हलकेच कुजबुजत होती. साखळीचा मंद सळसळाट तेवढा साथीला होता. शिष्याला आधी घरट्याकडे परतणाऱ्या पाखरांचा कलकलाट ऐकू आला. मग त्याच्याही पलीकडून एक थकलेला, पण स्वच्छ आवाज आला. माउलीचे स्तोत्र चालले होते. अक्षर न् अक्षर ऐकू येत होते. त्यातला एकही शब्द मोडला नाही. गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली. तापलेले लोखंड निवताना टिक... टिक... करत होते.

माउलीने शेवटची ओळ म्हटली, हात जोडले आणि मागे न वळताच ती म्हणाली, “दिगू, गूळ काढ.”

ती चाचपडत पुढे आली. ऊबदार टाकीवर तिने दोन्ही तळवे ठेवले. “ते नाहीत, हे मला कळतं. मी काही वेडी झालेली नाही. पण गाडी आली.” तिने वस्तादांना गूळपाणी दिले, शिष्याला दिले. मग वाटीतला बारीकसा खडा उचलून, देवाकडे तोंड करून, आपल्या जिभेवर ठेवला. “अगंबाई,” ती बालिकेसारखी हसली, “तितकाच गोड आहे की अजून!” व्यापारी पायरीवर बसून उपरण्याने डोळे पुसत राहिला.

शिष्याने हात जोडले. “वस्ताद, तुम्हाला हे कसं कळलं?”

वस्ताद म्हणाले, “गाडी सुरू करताना किक हलकी जावी म्हणूनही माणूस ती दांडी पंज्यात धरून आवळतो. ही मात्र टोकाशीच झिजलेली, एकाच बोटाच्या रुंदीएवढी. म्हणजे चालत्या गाडीवर, मूठ न सोडता, कुणी तरी ती रोज दाबत होतं. रोज तसं कोण करील? ज्याला उतार ठाऊक आहे आणि उताराच्या टोकाशी कुणाची तरी प्रार्थना चालली आहे हेही ठाऊक आहे, तोच. बाळा, तू गाडीचा नाद परत आणलास, ते फार मोठं काम झालं. पण तो पुरुष तिला त्या नादात भेटत नव्हता. नाद जिथं त्यानं आवरला, तिथं तो भेटत होता.”

माउली हे सारे ऐकत होती. तिचा हात टाकीवरच थबकला.

“म्हणजे ते मुद्दाम बंद करत होते?” ती अगदी सावकाश म्हणाली. “एका शब्दानं बोलले नाहीत कधी! आणि मी आपली समजायची, माझ्या स्तोत्रानंच एवढं शांत होतं.”

“त्यानंही होत असेल, आई,” वस्ताद म्हणाले, आणि वाकून त्यांनी तिला नमस्कार केला.

तुळशीतला दिवा स्थिर तेवत होता. गाडी तिच्या घरी ठेवून गुरुशिष्य चालत उतार चढू लागले. उंबरापाशी आल्यावर शिष्य वळला, आणि ज्या ठिकाणी एक माणूस रोज संध्याकाळी इंजिन बंद करत असे, तिथल्या मातीला त्याने हात लावून तो कपाळी नेला.

घरातल्या माणसाने आपल्यासाठी काय काय केले ते आपल्याला पाठ असते. आज दिवा लावताना, त्याने आपल्यासाठी काय आवरले तेही एकदा आठवून पाहू या.