नुसतं गोड

"मग माझ्याच आत काही का उतरत नाही, आक्का?"

डॉ. बसवराज हेब्बाळे खांद्याला पिशवी अडकवूनच विचारत होते. श्वासातून शिरणाऱ्या विषाणूंवरचं त्यांचं संशोधन देशोदेशी वाचलं जाई. मठात येऊन वर्ष झालं, पण मन जागचं हललं नव्हतं. आज ते कायमचे निघाले होते, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

मठाच्या गुरू गौराक्का चुलीपाशी बसल्या होत्या. इतर शिष्यांना त्या येता-जाता फैलावर घ्यायच्या. डॉक्टरांना मात्र पाट, दुधाचा पेला आणि अहो-जाहो. डॉक्टरांना त्यात काही वावगं वाटत नसे. मान त्यांना सवयीचा होता.

"जायच्या आधी एक सांगा ओ डॉक्टरसाहेब. तुमचा तो विषाणू माणसात शिरतो कसा? दार फोडून?"

डॉक्टर खुलले. "छे. त्याला हात ना पाय. आपल्या घशातल्या पेशींच्या अंगावर साखरेचे बारीक धागे असतात. फ्लूचा विषाणू त्या साखरेला चिकटतो."

"म्हणजे गोडी लागते त्याला."

"तसं म्हणा. मग पेशीच फसते. आपल्याच कामाचं काही आलंय समजून त्याला पोटात घेते."

"मग झालं की काम."

"कुठलं? आत एका इवल्या पिशवीत तो नुसता बसून राहतो. आवरणासकट."

"कुठवर?"

"पिशवीत आंबट होईपर्यंत. आंबट लागलं की त्याचं रूप पालटतं. आवरण पिशवीच्या कडेत मिसळून जातं, आणि त्याच्या पोटात जे असेल ते मोकळं होऊन पेशीत उतरतं."

"आणि आंबट झालंच नाही तर?"

"तर अडकला तिथंच. आत असून बाहेरच…"

डॉक्टर थांबले. हे वाक्य त्यांनी विद्यार्थ्यांना कैकदा सांगितलं होतं. आज ते त्यांना स्वतःला ऐकू आलं.

…

आक्का खुदुखुदु हसू लागल्या.

"अगं बाई… चूक माझीच की ओ. वर्षभर तुम्हाला नुसतं गोडच वाढलं."

"असं काय म्हणता आक्का, तुम्ही तर मला…"

आक्का उठल्या. त्यांनी डॉक्टरांच्या खांद्यावरची पिशवी ओढली आणि कोपऱ्यात भिरकावली.

"गप बस, बसव्या."

आई गेल्यापासून या नावानं डॉक्टरांना कुणी हाक मारली नव्हती. आधी कान तापले. चांगलाच राग आला. मग तो राग कुठं गेला ते कळलंच नाही. पोटातून हसू फुटलं, डोळ्यांना पाणी आलं, आणि चुलीसमोर फतकल मारून ते हसत सुटले. एवढा आनंद त्यांना कुठल्या मानपत्रानं झाला नव्हता.

आक्कांनी करपलेलं पातेलं त्यांच्यापुढं सरकवलं.

"हसतोस काय? राख घे. हे काय तुझा विषाणू घासणार?"