मंगलहत्तीने धरलेली फांदी

पूर्वी चंपानगरीत अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथील हत्तीशाळेत मंगलहत्ती म्हणून जन्माला आला होता. त्याच्यावाचून नगरातले एकही शुभकार्य पार पडत नसे. सोमिल नावाच्या माहुताने त्याला लहानाचा मोठा केला होता, आणि हत्तीनेही आजवर सोमिलचा शब्द खाली पडू दिला नव्हता.

युवराजाच्या अभिषेकाचा दिवस उजाडला. राजा आणि युवराज अंबारीत बसले, सोमिल हत्तीच्या मानेवर बसला आणि मिरवणूक निघाली. पुरोहिताला मुहूर्ताची जेवढी घाई होती तेवढी युवराजालाही नव्हती. वेशीपाशी एक जुना आंबा होता. अंबारीचा कळस त्याच्या वाळक्या फांदीत अडकला आणि फांदी कडाडून खाली आली. तिच्या ढोलीत दयाळ पक्ष्याचे घरटे होते. तीन पिले धुळीत पडली. त्यांना अजून धड पिसेही फुटली नव्हती. त्यांचे आईबाप मोडल्या जागेभोवती ओरडत घिरट्या घालू लागले.

"चल बाबा," सोमिल म्हणाला.

हत्ती चालला नाही. त्याने सोंड खाली घातली, एकेक पिलू अलगद उचलून ढोलीत ठेवले. मग ढोलीसकट ती फांदी उचलली, जिथून मोडली होती तिथेच नेऊन धरली आणि तसाच उभा राहिला.

लोक म्हणाले, "आता काय उपयोग? कुणी शिवलेली पिल्लं पक्षी परत घेत नाहीत." सोमिलही लहानपणापासून हेच ऐकत आला होता.

"मुहूर्त टळतोय, महाराज," पुरोहित म्हणाला. "हत्ती याचं ऐकत नसेल तर दुसरा माहूत बघा."

राजाने आभाळाकडे पाहिले. "सोमिल, ऊन वेशीच्या कमानीवर यायच्या आत हत्ती निघाला नाही, तर उद्यापासून हत्तीशाळेची पायरी चढू नकोस."

सोमिलला ना बायको ना पोर. हा हत्तीच त्याचा सगळा संसार होता. जो अंकुश त्याने आजवर नुसता कमरेला मिरवला होता, तो त्याने उपसला आणि हत्तीच्या कानामागे मारला. रक्ताची धार लागली. सोंड तसूभरही हलली नाही.

त्याने दुसऱ्यांदा हात उगारला, आणि त्याची नजर ढोलीत गेली. ती त्याच्या तोंडासमोरच होती. पिलांच्या चोची उघड्या होत्या, पण आवाज निघत नव्हता. पक्षी जवळ येत आणि मागे फिरत. ते कशाला भितात हे सोमिलला तेव्हा उमगले. हत्तीचे त्यांना भय नव्हते. त्यांना भय होते ते या उगारलेल्या हाताचे.

त्याने अंकुश खाली टाकला.

"महाराज, उद्या मी हत्तीशाळेत नसेन. पण आत्ता वाद्यं थांबवा. कुणी हलू नका."

राजाने काय पाहिले कोण जाणे, त्याने हात वर केला. ढोल थांबले. सारे नगर जागच्या जागी उभे राहिले. मग पिलांची आई हत्तीच्या मस्तकावर उतरली. तिच्या चोचीत हिरवी अळी होती. टुणटुण उड्या मारत ती सोंडेवरून ढोलीपाशी गेली आणि शिवलेल्या पिलाच्या चोचीत तिने घास घातला. पाठोपाठ नर आला. सोमिलच्या अंगावर काटा उभा राहिला. एवढ्या थोर जिवाने एवढ्याशा जिवांसाठी स्वतःचे झाड करून घेतले होते, आणि आपण त्या झाडाला घाव घातला होता. तो मानेवर बसूनच रडला.

"मुहूर्त टळला," पुरोहित पुटपुटला.

"आचार्य, हाच मुहूर्त होता," राजा म्हणाला.

अंबारी रिकामी झाल्यावर तिचे दोर सोडून सोमिलने फांदी आंब्याला घट्ट बांधली, तेव्हाच हत्तीने सोंड खाली घेतली. राजा आणि युवराज अभिषेकाला पायी गेले. सोमिल हत्तीशाळेतच राहिला. पुढे पिले उडाली, आणि वेशीवर पहाटे दयाळांची शीळ ऐकू येऊ लागली.

भिक्षूंना ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, त्या जन्माचा या जन्माशी मेळ घातला. "त्या वेळचा राजा म्हणजे आजचा उपासक नंदसेन. ती पिले म्हणजे समोर बसलेले हे तीन लहानगे श्रामणेर. मंगलहत्ती मीच होतो."

"आणि माहूत, भगवन्?" वृद्ध भिक्षू सुवीराने मागून विचारले.

"माहूत तू होतास, सुवीर."

सुवीराची नजर नकळत शास्त्यांच्या कानामागे गेली, आणि त्याने मान खाली घातली.

"घाव तुझा होता," शास्ते म्हणाले, "आणि खाली आलेला हातही तुझाच. तो आला नसता, तर पिले माझ्या सोंडेशीच उपाशी मेली असती."

घाव सोसूनही जो हलत नाही, त्याच्यापाशी मारणाराचा हातही निवतो. या सोसण्यालाच क्षांती म्हणतात.