घुमटरानाचं बारमाही इंद्रधनुष्य

घुमटरान नावाचं एक जंगल होतं. तिथे सूर्य रोज फुकट उगवायचा, म्हणून त्याची कुणाला किंमत नव्हती.

राजा होता दणकटराव अस्वल. शेजारच्या रानात त्याने विजेचा दिवा पाहिला आणि हट्ट धरला. लगेच तळ्याकाठी डिझेलवर चालणारं वीजघर उभं राहिलं. उद्घाटनाला प्रधान हसमुखपंत तरस म्हणाले, "बंधूंनो, भगिनींनो, आजवर आपण अंधारात होतो!" तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. टाळ्या कडाडल्या.

वीजघर धडधडू लागलं. धूर इतका निघाला, की सूर्य दिसेना. मग दिवसाही दिवे लावावे लागले. त्यासाठी दुसरं वीजघर आलं. दोघांचा धूर शेजारी ढकलायला मोठाले पंखे आले आणि पंख्यांसाठी तिसरं. चौथ्या वीजघरावर एक कर्णा चालायचा. तो दिवसभर सांगायचा, "धूर नाही!"

तळ्याकाठच्या खडीत ठकूबाई टिटवीचं घरटं होतं. तिच्या चार अंड्यांवर तेलाचे ओघळ आले. दोन अंडी आतच गुदमरली. उरलेल्या दोन्हींतून पिल्लं निघाली आणि चिवचिवायच्या आधी खोकली.

ठकूबाई थेट दरबारात गेली. "महाराज, पाण्यावर तेलाचा तवंग आलाय. पिल्लांनी प्यायचं काय?"

महाराज पंतांकडे बघू लागले.

"तवंग नव्हे, टिटवीबाई, इंद्रधनुष्य!" पंत हसत म्हणाले. "पूर्वी फक्त पावसाळ्यात दिसायचं. आपल्या सरकारनं ते बारमाही केलं."

"माझी दोन अंडी गेली हो, पंत!"

पंत हसतच राहिले. तरसाला दुसरं काही येत नाही. मग चौकशी समिती नेमली गेली, अध्यक्ष कावळा. त्याने स्वतःचे पंख नीट तपासले आणि अहवाल दिला, "काहीही काळवंडलेलं नाही."

ठकूबाई पेटली. निवडणुकीला उभी राहिली. "वीज गेली तरी चालेल, सूर्य आणा!" ही तिची घोषणा सशापासून सांबरापर्यंत सगळ्यांच्या तोंडी झाली. महाराजांना जुलाब लागले. पंत निवांत होते.

मतदानाच्या दिवशी धुरात वर केलेले हात दिसेनात. पंतांनी जाहीर केलं, "आवाजी मतदान! जो खोकेल, त्याचं मत महाराजांना."

सगळं रान खोकलं. साळिंदराने नाक-तोंड दाबून धरलं, पण शेवटी त्याला अशी ढास लागली, की त्याची एकट्याची तीन मतं मोजली गेली.

ठकूबाईने मात्र श्वास रोखून धरला. "मी नाही खोकले! माझं मत मोजा!"

कारकून मुंगूस यादी चाळत म्हणाला, "तुमचं नाव यादीत नाही."

"अहो, मी उमेदवार आहे!"

"असाल. मतदार नाही."

ठकूबाईने पिल्लांना घेऊन रान सोडलं. पिल्लांना उडता येत नव्हतं, म्हणून तीही त्यांच्याबरोबर पायी टेकडी चढली. पलीकडे झरा होता. त्याच्या पाण्याला कसलाच रंग नव्हता. पिल्लं पोटभर प्यायली आणि पहिल्यांदाच टिवटिवली. ठकूबाईला एकदम रडू फुटलं.

त्याच संध्याकाळी विजयसभेत हसमुखपंत म्हणाले, "महाराज एकमताने निवडून आले आहेत. विरोधी उमेदवार मात्र ऐन संकटात जनतेला सोडून परदेशी हवा खायला गेल्या."