झाकलेला मरवा

एका राज्यात भद्रसेन नावाचा राजा होता. शूर होता, दाता होता, पण कुणावर विश्वास ठेवील तर शपथ! दारी आलेल्या बैराग्यालाही त्याने हेर समजून झोळी उलटी करायला लावली. बैरागी होता हिमकेतू जादूगार. झोळीतून हिमाचे खडे सांडले आणि मागोमाग शाप निघाला.

"राजा, तुझी कन्या निजेल. तिचा श्वास तिनेच लावलेल्या मरव्यात राहील. शेवटचे पान मेले की श्वास सरेल. वसंताच्या पहिल्या सकाळी एक जरी पान हिरवे असले, तर ती उठेल."

राजकन्या कुंदमाला तत्क्षणी निजली. मरवा होता गच्चीवरच्या कुंडीत, आणि तिथला शिशिर असा की घागरीत पाणी गोठावे. राजाने म्हाळसा माळिणीला बोलावले. तिने कुंडी गार फरशीवरून उचलून विटांवर ठेवली, उन्हाच्या भिंतीला टेकवली, मातीवर पेंढा पसरला, भोवती गोणपाट गुंडाळले.

त्या दिवसापासून कठड्यावर एक साळुंकी येऊन बसू लागली. ती खोटे कधी बोलत नसे. तिथेच तर गोम होती.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "महाराज, माळीण मरव्याला पाणी घालत नाही."

राजाने जाब विचारला. म्हाळसा म्हणाली, "माती अजून ओली आहे, महाराज. थंडीत फार पाणी झाले तर मुळे कुजतात."

दुसऱ्या दिवशी साळुंकी म्हणाली, "माळीण दिवस कलताच मरवा झाकते."

"झाकल्याने उन्हाची ऊब आत राहते, महाराज. दहिवर बाहेर राहते."

तिसऱ्या दिवशी साळुंकी म्हणाली, "माळिणीने मरव्याची फांदी खुडली. पदराखाली लपवून घरी नेली."

राजाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. "खरे का?"

"खरे."

"कशासाठी?"

माळिणीने कठड्याकडे पाहिले. "त्या पाखरादेखत सांगणार नाही."

मन चिंती ते वैरी न चिंती. राजाने माळिणीला हाकलले, गोणपाट भिरकावले आणि ऐन संध्याकाळी स्वतः दोन घागरी पाणी ओतले. मायेने ओतले हो, बापच तो! शिवाय घटकेघटकेला पेंढा उचकून बघायचा. तिसऱ्या सकाळी मरवा काळा पडला होता.

"महाराज, कन्या गेली," साळुंकी म्हणाली.

राजा धावत खाली गेला. लेकीच्या नाकाशी बोट धरले. श्वास चालू होता! राजा जन्मात पहिल्यांदा योग्य जागी संशय घेऊन गच्चीवर परतला. पाखरू पहिल्यांदाच खोटे बोलले होते. त्याने धनुष्याला हात घातला, तशी साळुंकीचे हिम झाले आणि उन्हात विरघळून गेले.

मग एकच प्रश्न उरला. मरवा मेला, तर लेक जगते कशावर?

राजा अनवाणी म्हाळसेच्या झोपडीत गेला. चुलीपासून वीतभर दूर, उगवतीच्या झरोक्यात, करवंटीत एक फांदी रुजत घातली होती. पाच पाने. राजाला रडू आवरेना.

"पाखरू गेले?" म्हाळसेने विचारले.

"गेले. माझे चुकले, माळीणबाई."

"मग ऐका. माती सुकली तरच पाणी, तेही सकाळी, ओंजळभर. दिवस कलताच झाकायचे. आणि एकदा झाकले की ऊन येईपर्यंत उचलून बघायचे नाही."

पहिल्या दोन अटी सोप्या होत्या. तिसरीने राजाला महिनाभर छळले. फांदी कुंडीत लावून पुन्हा गच्चीवर, उन्हाच्या भिंतीला आणली, आणि राजा रोज पहाटे तिच्यासमोर हात काखेत दाबून बसू लागला.

वसंताच्या पहिल्या पहाटेही तो तसाच बसला होता. जिन्यात पावले वाजली.

"बाबा," कुंदमालेने विचारले, "माझा मरवा कुणी झाकला?"

"माळीणबाईंनी."

"उघडू?"

"थांब, बाळ. ऊन येऊ दे."

बापलेक कुंडीपाशी बसून राहिली. ऊन कठड्यावर आले, फरशीवर उतरले, विटांना लागले. मग दोघांनी मिळून गोणपाट उचलले.

त्यांचा मरवा तरला, तसा ऐकणाऱ्यांच्या दारचाही तरो.